मागचे ड्रम ब्रेक काढून डिस्क ब्रेक बसवताना

मागच्या डाव्या चाकाचा व्हील सिलिंडर, म्हणजे ऑइलच्या दाबाने ड्रममधले ब्रेक शूज बाहेर ढकलणारा भाग, तिसऱ्यांदा गळायला लागला, तेव्हा मी ठरवलं की आता नुसता किट बदलून भागणार नाही. ड्रम उघडला तर दोन्ही शूज ब्रेक ऑइलमध्ये भिजलेले, त्यांच्यावरचं ड्रमला घासणारं लायनिंग काळं आणि चिकट. एकदा ऑइल प्यालेलं लायनिंग कितीही घासलं-पुसलं तरी पुन्हा धरत नाही, ते टाकूनच द्यावं लागतं. गाडी जुनी आहे, एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाकं लॉक होऊन घसरू न देणारी यंत्रणा) नाही, पुढे डिस्क आणि मागे ड्रम. पण त्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरियंटला मागेही डिस्क यायच्या, तोच अॅक्सल, तेच बोल्ट. हे काम घरी करायला मी धजावलो ते फक्त एवढ्यासाठी. दुसऱ्या गाडीचे कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारे भाग) आणून, पट्ट्या वेल्ड करून बसवायचे असते तर मी हात लावला नसता, आणि दुसऱ्या कुणालाही लावू नका असंच सांगेन. एबीएस असलेल्या गाडीत तर मुळीच नको, कारण तिथे मागच्या चाकांना किती दाब द्यायचा याचं सगळं गणित मूळच्या ब्रेकवर बेतलेलं असतं.

सुरुवातीला मला वाटत होतं की चाकाजवळचं सामान बदललं की काम झालं. जुने आणि नवे भाग शेजारी ठेवून मोजले तेव्हा कळलं की खरं काम बॉनेटखाली आहे. माझ्या व्हील सिलिंडरचा व्यास १९ मिमी, नव्या कॅलिपरच्या पिस्टनचा ३४ मिमी. म्हणजे क्षेत्रफळ ३.२ पट. इतका फरक का, तर ड्रमला चाकाच्या फिरण्याचीच मदत मिळते. पुढचा शू ड्रमला टेकला की फिरता ड्रम त्याला आणखी आत ओढून घेतो आणि पकड आपोआप वाढते. डिस्कला अशी मदत नाही. पॅड जितके दाबाल तितकेच धरतात, म्हणून दाबणारा पिस्टन मोठा लागतो. मोठ्या पिस्टनला ऑइलही जास्त लागतं. पेडल दाबलं की ऑइल ढकलतो तो मास्टर सिलिंडर. जुन्या मास्टर सिलिंडरवर हेच कॅलिपर जोडले असते तर पेडल खोल गेलं असतं. वरच्या व्हेरियंटचा मास्टर सिलिंडर २०.६ ऐवजी २२.२ मिमीचा आहे, एका दाबात सुमारे १६ टक्के जास्त ऑइल ढकलतो. तो घेतला.

दुसरा भाग प्रपोर्शनिंग व्हॉल्व्हचा. जोरात ब्रेक मारला की गाडीचं वजन पुढे येतं, मागची चाकं हलकी होतात. म्हणून एका मर्यादेनंतर मागचा दाब कमी प्रमाणात वाढावा अशी सोय या व्हॉल्व्हमध्ये असते. माझ्या गाडीत ब्रेकची लाइन तिरकी विभागलेली आहे, पुढचं डावं मागच्या उजव्याबरोबर आणि पुढचं उजवं मागच्या डाव्याबरोबर, त्यामुळे व्हॉल्व्ह दोन. दोन्ही बदलले. पुढची चाकं लॉक झाली तर गाडी वळत नाही, पण सरळ जाते. मागची आधी लॉक झाली तर गाडी स्वतःभोवती फिरते. मागे जास्त ब्रेक म्हणजे जास्त सुरक्षित, हा समज मनातून काढून टाकल्याशिवाय या कामाला बसूच नये.

सामान जमवायला वेळ लागला. भंगारात निघालेल्या वरच्या व्हेरियंटचे कॅलिपर ब्रॅकेट आणि स्टब अॅक्सल घेतले, कॅलिपर नवीन सील घालून तयार करून घेतले. डिस्क, पॅड, होज आणि हँडब्रेकच्या केबल मात्र कोऱ्या. जुन्या १३ इंची रिममध्ये कॅलिपर घासतो, म्हणून १४ इंची चाकं आली. विम्याचे आणि नोंदणीचे नियम आधीच वाचून घेतले होते. ते काम नंतरवर टाकू नये.

पुढच्या चाकांना उटी लावून मागची बाजू दोन अॅक्सल स्टँडवर घेतली. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली मी हातसुद्धा घालत नाही. ड्रमच्या आतली धूळ हवेने उडवायची नाही, जुन्या लायनिंगमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतं. पाण्याने भिजवून, ओल्या फडक्याने पुसून ते फडकं पिशवीत बांधून टाकलं. उजवा ड्रम निघेना. कडेला झिजून उंबरठा तयार झाला होता आणि शूज त्याच्या मागे अडकले होते. अॅडजस्टर मागे घेतला, मग ड्रमच्या तोंडावर आटे पाडलेली दोन छिद्रं असतात त्यांत ८ मिमीचे दोन बोल्ट घातले. अर्धा फेरा एकाला, अर्धा दुसऱ्याला. सातव्या-आठव्या फेरीला टण्णकन आवाज झाला आणि ड्रम सैल पडला.

ब्रेक पाइपच्या नटाने सगळ्यात जास्त दमवलं. नट पाइपवरच गंजून धरला होता, नट फिरवला की पाइपही पिळवटायचा. रात्रभर गंज सोडवणारं ऑइल मारून ठेवलं, सकाळी फ्लेअर नटचा खास पाना लावला. साध्या पान्याने कोपरे गेले असते. डावा सुटला, उजव्याचा पाइप पिळून चिरला. तो तुकडा नवीन करून घेतला, टोकाला डबल फ्लेअर पाडून, म्हणजे कड दुहेरी दुमडून.

डिस्क चढवण्याआधी हबचं तोंड वायर ब्रशने घासायला मी कंटाळलो होतो. डायल गेज लावला तर डिस्क ०.१२ मिमी डुलत होती, मॅन्युअलमधली मर्यादा ०.१०. उतरवून हब चकचकीत होईपर्यंत घासला, परत मोजलं तर ०.०४. पापुद्र्याएवढा गंज, पण पेडलला थरथर आणायला पुरला असता.

अशा मागच्या कॅलिपरचा पिस्टन क्लँपने सरळ दाबायचा नसतो हेही इथेच सांगतो. हँडब्रेकचा स्क्रू त्याच्या आत असतो. दाबत दाबत फिरवूनच तो आत जातो, जबरदस्ती केली तर आतली यंत्रणा तुटते. शिवाय आत गेल्यावर पिस्टनवरची खाच अशी थांबवावी लागते की पॅडच्या पाठीवरचा खुंट तिच्यात बसेल.

मग ब्रेकच्या लाइनमधली एअर काढायला बसलो. दादा पेडलवर, मी चाकाशी.

"दाब."

"दाबलंय."

"धरून ठेव... सोड."

कॅलिपरवरच्या निपलला, म्हणजे हवा सोडायच्या तोटीला, लावलेल्या पारदर्शक नळीतून आधी फेस आला, मग नुसतं स्वच्छ ऑइल. चारही चाकं दोनदा केली. तरी पेडल पहिल्या दाबाला जवळजवळ जमिनीपर्यंत. तीनदा पंप मारला की कडक, दहा सेकंद थांबलं की पुन्हा मऊ. ही खूण म्हणजे आत हवा आहे. दोन बाटल्या ऑइल संपलं. मला मास्टर सिलिंडरचा संशय आला, दादाला नव्या पाइपच्या जोडाचा. जोड कोरडा होता. अंधार पडला तसं आम्ही काम थांबवलं.

दुसऱ्या दिवशी म्हटलं, तोवर हँडब्रेकची केबल तरी जोडून टाकू. केबल पोचेना. तिची लिव्हर कॅलिपरच्या वरच्या बाजूला होती आणि केबल खालून येत होती. मी तिथेच बसून राहिलो. मग पुढच्या चाकाकडे गेलो, तिथला कॅलिपर पाहिला. निपल सगळ्यात वर, होज त्याच्या खाली. मागे नेमकं उलट, होज वर आणि निपल तळाशी. डावा कॅलिपर उजवीकडे लागला होता आणि उजवा डावीकडे. ब्रॅकेटचे बोल्ट दोन्हीकडे सारखेच, त्यामुळे बसताना काहीच अडलं नव्हतं. होज किंचित पिळलेली दिसली होती खरी, पण मी ती तशीच सोडली. हवा वर जमते आणि आम्ही तळातून ऑइल काढत होतो. असं वर्षभर केलं असतं तरी ती निघाली नसती.

अदलाबदल केली, होज कॅलिपरला जोडणाऱ्या बँजो बोल्टला पुन्हा नवे तांब्याचे वॉशर घातले, कारण एकदा दाबले गेलेले वॉशर दुसऱ्यांदा नीट सील होत नाहीत. पहिल्याच दाबाला निपलमधून मोठा बुडबुडा आला, नळीत बोटाच्या पेराएवढा. चौथ्या दाबाला दादा म्हणाला, "आता दगडासारखं झालंय रे." त्या क्षणी दोन दिवसांचा शीण उतरला.

हँडब्रेकचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी केबल सैल ठेवून पेडल वीस-पंचवीस वेळा दाबायचं, म्हणजे कॅलिपरमधला अॅडजस्टर आपली जागा घेतो. मगच केबल ताणायची, तीही एवढीच की हँडब्रेक सोडल्यावर दोन्ही लिव्हर आपापल्या अटकावाला टेकतील. माझी उजवी लिव्हर केसभर वर राहिली होती. पहिल्या चार किलोमीटरनंतर थांबून चाकांजवळ हात नेला, स्पर्श न करता, तर उजवीकडची धग स्पष्टपणे जास्त होती. केबल दोन आटे सैल केली, दोन्ही बाजू सारख्या झाल्या. जुन्या ड्रमवाल्या गाड्यांपैकी काहींच्या मास्टर सिलिंडरमध्ये थोडा दाब अडवून ठेवणारा व्हॉल्व्ह असतो. तो राहून गेला तर पॅड असेच घासत राहतात, पण तेव्हा दोन्ही चाकं तापतात.

नवे पॅड डिस्कवर घासून नीट बसावेत म्हणून ताशी ५० किलोमीटरच्या वेगावरून १५ पर्यंत ब्रेक मारला, दहा वेळा, मध्ये गार व्हायला वेळ देऊन. गरम डिस्कवर पॅड दाबून उभं राहायचं नाही.

खरी परीक्षा रिकाम्या, सरळ, बंद जागेत घेतली. दादाने फोन जमिनीवर ठेवून बाजूने चित्रण केलं. मी आधी २० वरून, मग ३० वरून, मग ४० वरून पूर्ण ब्रेक मारला. घरी येऊन ते संथ करून पाहिलं. पुढचं चाक थांबतं, मागचं त्यानंतरही थोडं फिरत राहतं. तिन्ही वेळा तसंच. हे दिसल्यावरच मी गाडी वाहतुकीत नेली.

कोरड्या रस्त्यावर गाडी आधीपेक्षा कमी अंतरात थांबते, असं मला वाटलं नाही. ते काम मुख्यतः पुढची चाकं आणि टायर करतात. फरक पाण्यातून गेल्यावर जाणवतो. ड्रममध्ये पाणी शिरलं की पुढची काही वळणं मागून काहीच मिळायचं नाही, आता एका दाबात पुसून निघतं. लांब उतारावर पेडल शेवटपर्यंत सारखं राहतं. हँडब्रेक मात्र ड्रमचाच चांगला होता. चढावर तो एकटा पुरायचा. डिस्क गरम असताना हँडब्रेक ओढला तर ती गार होताना आकसते आणि पकड ढिली पडते. म्हणून मी उतारावर गाडी गिअरमध्येच ठेवतो आणि एक दात जास्त ओढतो.

ऑइल डॉट ४ आहे. ताजं असताना किमान २३० अंशांना उकळतं, पाणी शोषल्यावर ती हमी १५५ वर येते, म्हणून दर दोन वर्षांनी बदलायचं ठरवलंय. पाचशे किलोमीटरनंतर सगळे बोल्ट टॉर्क पान्याने पुन्हा पाहिले, एकही हललेला नव्हता. वर्षाने चाकं उतरवून पॅड मोजले. आतला ८.१ मिमी, बाहेरचा ८.२, दुसऱ्या बाजूलाही तेच.