तुम्ही विचारलंत म्हणून: चार आठवड्यांसाठी जर्मनीला कशाला?

कॉलेजमधल्या ज्युनिअर मुली विचारतात, बिल्डिंगमधल्या काकू विचारतात, परवा तर रिक्षावाल्या काकांनी पण विचारलं, की चार आठवड्यांच्या जर्मनच्या कोर्ससाठी एवढा खर्च करून तिकडे कशाला, पुण्यात क्लास कमी आहेत का? आणि ज्युनिअर्सचा पुढचा प्रश्न ठरलेला, ताई, तयारी कुठून सुरू करू?

आधी तारखांपासून सुरू करा. नावाला समर कोर्स, पण आपली सुट्टी मे महिन्यात आणि त्यांच्या युनिव्हर्सिटीतली लेक्चर्स जुलैपर्यंत चालतात, त्यामुळे माझा फ्रायबुर्गचा कोर्स ऑगस्टमध्ये आहे, म्हणजे इथे आमची सेमिस्टर ऐन रंगात असताना. अटेंडन्सचं आधी बोलून घ्या आणि कॉलेजचं एनओसी लेखी घ्या. माझं एनओसी तीन आठवडे एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरत होतं आणि मी रोज जाऊन उभी राहत होते. व्हिसाचा अर्ज निघायच्या सहा महिने आधीपासून करता येतो, उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी, पण उन्हाळ्यात अपॉइंटमेंट मिळायची मारामार असते म्हणून शेवटावर ठेवू नका. फी 90 युरो, इन्शुरन्स किमान 30,000 युरो कव्हरचा, पासपोर्ट आपण तिकडून निघाल्यावरही निदान तीन महिने तरी चालणारा हवा.

मग पैशाचे कागद. हे मला कुणी नीट सांगितलं नव्हतं म्हणून सविस्तर सांगते. खर्च आईवडील करणार असतील तर त्यांचं बँक स्टेटमेंट लागतं, आणि त्यात अचानक मोठी रक्कम जमा झालेली दिसली तर ती कुठून आली ते पण दाखवावं लागतं. बाबा भोसरीला एका वर्कशॉपमध्ये आहेत. त्यांचं स्टेटमेंट मी आयुष्यात पहिल्यांदा बघितलं, पगार जमा, मग चार दिवसांत लाईट, सोसायटी, आजीची औषधं, हप्ता, माझी क्लासची फी, आणि महिनाअखेरीला खात्यात काय उरतं ते पण. मोठी रक्कम म्हणजे त्यांनी मोडलेली एफडी. तिच्या पावतीची झेरॉक्स हवी होती म्हणून बाबांनी कपाटातून एक जुनं पिवळं पाकीट काढलं, वर बॉलपेननी लिहिलेलं, "मनूचं लग्न". मी हात पुढे केला तर म्हणाले, "पावती घे, पाकीट राहू दे."

त्या दिवसापासून मी रोज सकाळी डॉइच वेले या जर्मन प्रसारण संस्थेच्या, शिकणाऱ्यांसाठी हळू वाचलेल्या बातम्या ऐकते, एकदा मजकूर न बघता, मग मजकूर समोर ठेवून. बी1, म्हणजे जर्मनची मधली पातळी, पास आहे मी, पेपरात चांगले मार्क होते, पण खरा जर्मन माणूस फोनवर बोलायला लागला की माझ्या हाती दर वाक्यातले दोन शब्द लागायचे. आता निम्म्याच्या वर कळतं. कशाला जातेस याचं माझं उत्तर हेच आहे, वर्गात बाई आपल्यासाठी थांबतात, बेकरीच्या रांगेत कुणी थांबत नाही, आणि मला त्या रांगेत उभं राहून बोलायचंय. कान इथेच तयार करून न्या, नाहीतर पहिला आठवडा नुसता ऐकण्यातच जातो आणि चार आठवड्यांतला एक आठवडा म्हणजे खूप झाला हो.

बॅगेचं फार टेन्शन घेऊ नका. मोबाईलचा दोन बारीक पिनांचा चार्जर तिकडे चालतो, लॅपटॉपच्या तीन पिनांना अडॅप्टर लागतो. रविवारी दुकानं बंद असतात, त्यामुळे शनिवारीच सामान भरायचं. खायचं नेताना मात्र बघा, बाहेरून दुधाचे पदार्थ युरोपात नेता येत नाहीत, म्हणजे पेढे नाहीत, तूप पण नाही. आजीने माझ्यासाठी बरणीभर तूप कढवून ठेवलं होतं, तिला हे सांगताना माझ्याच पोटात कालवलं. ती जरा वेळ गप्प बसली आणि मग मेतकूट करायला डाळी भाजायला घेतल्या.

आणि फोनची वेळ आधी ठरवा. उन्हाळ्यात ते आपल्या साडेतीन तास मागे असतात. बाबा दहाला झोपतात, म्हणजे तिकडे साडेसहा, ऊन असेल अजून. बाबा म्हणाले, व्हिडिओच कर, उजेडात नीट दिसशील.