उदासीनता हा शब्द कुठून आला

रविवार, रात्रीचे साडेअकरा

आजची बैठक आमच्याकडे होती. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आम्ही पाच जण जमतो, ज्याची पाळी त्याच्या घरी. पीएच.डी.च्या कोर्सवर्कच्या दिवसांत ओळख झाली, तेव्हापासून यात खंड नाही. विद्यापीठाचा शिक्षणशास्त्र विभाग दूर शहरात आणि आम्ही सगळे खेड्यापाड्यांत विखुरलेले. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत, वर्ध्याच्या ताई डी.एल.एड. कॉलेजात, धारणीचे दादा आश्रमशाळेत, झरीची मैत्रीण कोलाम पोडावरच्या, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवरच्या शाळेत. दिग्रसची सगळ्यांत लहान, तिला अजून नोकरी नाही. नोकरी सांभाळून पीएच.डी. करणाऱ्याला होस्टेल नसतं, कँटीनच्या गप्पा नसतात. सल्लागार समितीपुढे प्रगती अहवाल ठेवायचा, सही घ्यायची आणि शेवटची एसटी गाठायची. त्यामुळे ही छपरी, हे दोन बाजले आणि आईचा चहा, हाच माझा विभाग आहे, असं मी मनापासून मानते.

आमचा नियम एकच. जे लिहिलं ते मोठ्यानं वाचायचं. झेरॉक्स वाटायची नाही, मोबाइलवर पीडीएफ पाठवायची नाही. ऐकणाऱ्याला वाक्य कळलं नाही तर त्यानं हात वर करायचा.

आधी वर्ध्याच्या ताईंनी वाचलं. त्यांचा विषय नई तालीम, म्हणजे गांधीजींची हस्तोद्योगातून शिक्षणाची कल्पना. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ ला वर्ध्याला शिक्षण परिषद झाली, सात वर्षांचं मोफत आणि सक्तीचं शिक्षण मातृभाषेतून आणि हस्तोद्योगाभोवती द्यावं असं ठरलं, मग झाकीर हुसेन समितीनं अभ्यासक्रम आखला. हे आम्हाला बी.एड.पासून पाठ आहे. ताई मात्र त्या अहवालातल्या कताई-विणकामाच्या अभ्यासक्रमात शिरल्या होत्या. कोणत्या इयत्तेत मुलानं काय करायचं, त्यातून गणित कुठं येतं, भूगोल कुठं येतो. हे प्रकरण त्यांनी फार सुंदर लिहिलंय. एकाही वाक्याला हात वर झाला नाही.

मग माझी पाळी. चौथं प्रकरण, माहितीचे विश्लेषण व अर्थनिर्वचन. मी वाचलं, ‘सदर संशोधनात असे आढळून आले की, कापूस वेचणीच्या हंगामातील विद्यार्थ्यांच्या अनुपस्थितीमागे पालकांची शिक्षणाविषयीची उदासीनता हे प्रमुख कारण आहे.’

दादांचा हात वर.

“कोणाले आढळलं?”

मी म्हटलं, मुख्याध्यापकांना. प्रश्नावली त्यांच्याकडूनच भरून घेतली होती.

“त्याईनं हा शब्द सोताहून लिवला, का तू छापून नेला होता?”

मी परिशिष्ट उघडलं. प्रश्न क्रमांक १४, खाली पाच पर्याय, तिसरा ‘पालकांची उदासीनता’. मीच छापून नेला होता. मुख्याध्यापकांनी फक्त खूण केली. आणि मी तो कुठून घेतला? विभागाच्या ग्रंथालयातल्या एका जुन्या प्रबंधाच्या परिशिष्टातून. तज्ज्ञांकडून तपासून घेतलेलं साधन म्हणून विश्वासानं उचललं होतं. त्या प्रबंधात कुठून आला असेल, म्हणून दिग्रसची गच्चीवर गेली, कारण खाली रेंज येत नाही. शोधगंगेवर, म्हणजे प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात, एका संदर्भावरून दुसऱ्यावर जात तासाभरानं ती खाली आली. याच विषयाजवळचे आणखी दोन प्रबंध तिला सापडले होते. दोन्हींत तोच पर्याय, थोड्याफार फरकानं तेच वाक्य. पालकांना जाऊन विचारल्याचं कुठंच नाही. एकानं लिहिलं, दुसऱ्यानं आधार म्हणून घेतलं, तिसऱ्याच्या साहित्याच्या आढाव्यात ते निष्कर्ष होऊन बसलं आणि चौथी मी. नियमाप्रमाणे इतरांच्या लिखाणाशी साम्य दहा टक्क्यांच्या आत असलं की प्रबंधाला अडचण नाही. माझं तेवढं येईलही. पण हा एक शब्द त्या मोजणीत कुठं सापडणार?

मला सगळ्यात जास्त लागलं ते वेगळंच. मी वेचणी केलेली मुलगी आहे. तिसरीत-चौथीत असताना दिवाळीनंतर कित्येक दिवस मी आईसोबत दुसऱ्यांच्या वावरात असायची. पराठी, म्हणजे कपाशीची झाडं, माझ्या डोक्याच्या वर, कमरेला फडक्याची ओटी, वाळलेल्या बोंडाची टोकं नखाच्या कडेला ओरबाडायची. निंदणाची मजुरी दिवसाची असते, तिथं लहान पोराच्या हातांना किंमत नाही. वेचणीची मजुरी मात्र किलोवर. संध्याकाळी काट्यावर आईच्या गाठोड्यात माझी ओटी रिकामी व्हायची आणि तेवढे पैसे वाढायचे. हंगाम दोन-तीन महिन्यांचा, मजुराच्या घरात वर्षातला सगळ्यात जास्त पैसा याच दिवसांत येतो. शिवाय आई वावरात गेल्यावर धाकट्याला पाहणार कोण, तर मीच. हे सगळं माझ्या बोटांना माहीत होतं. तरी पेन हातात घेतल्यावर मी उदासीनता लिहिलं.

आई तेव्हा आत आलूचे भाजे तळत होती. तिच्या कानावर हे गेलं नाही. मी सांगितलंही नाही.

यावर बराच वेळ बोलणं झालं. झरीची म्हणाली की दोष ‘आढळून आले’चा आहे. या क्रियापदात माणूसच नाही. कोणी विचारलं, कोणाला विचारलं, कोणत्या शब्दांत विचारलं, सगळं पुसलं जातं. दिग्रसच्या गाइडनं तिला ‘मी’ लिहायची परवानगी दिलीय. माझ्या गाइड मॅडमना ‘संशोधिकेने’ लागतं. त्यामागे कारण आहे हे मला समजतं. स्वतःचं मत निष्कर्षात मिसळू नये म्हणून ही शिस्त आली, आणि मी ती मोडायला निघालेली नाही. पण माझ्या बाबतीत तिनं मलाच माझ्यापासून झाकलं. मी तिथं स्पष्ट लिहिलं असतं की मी मुख्याध्यापकांना पाच पर्याय दिले आणि त्यांनी तिसरा निवडला, तर पुढचं वाक्य लिहिताना माझा हात थांबला असता.

ताई तोवर गप्प होत्या. मग म्हणाल्या, “माझ्या प्रकरणात कापसाले हात लावणारं पोरगं शाळेत बसलं आहे. तुझ्यात त्याले गैरहजर लावलं. दोन्ही आपल्याच भागातले कागद.” त्यांनी कुणाला दोष दिला नाही. पण तेव्हापासून हजेरीपटावरची ती ओळीनं लावलेली ‘गै’ डोळ्यांपुढून हटत नाही. माझ्याही वर्गाच्या हजेरीपटावर ती आहेत, माझ्याच अक्षरात.

आता करायचं काय? आराखडा मंजूर आहे, साधन मंजूर आहे, माहिती गोळा होऊन संख्याशास्त्रातली टी-मूल्यंही काढून झाली. प्रश्नावली बदलता येणार नाही, आणि बदलून जुनी उत्तरं लपवणं तर खोटेपणाच होईल. दादांचं म्हणणं, आहे तसं राहू दे, फक्त कोष्टकाखाली लिही की पर्याय कुठून आले आणि उत्तर कोणी दिलं. त्याशिवाय आयांच्या मुलाखती जोड, मॅडमची परवानगी घेऊन. गुणात्मक माहितीला जागा आहेच. मी म्हटलं, माझ्या नमुन्यातल्या दोन शाळा पोडावरच्या आहेत, मला कोलामी येत नाही, मराठीत विचारलं की बाया ‘हो’ म्हणून मोकळ्या होतात. दादांना हे नवं नाही. त्यांच्या शाळेतल्या पोरांची कोरकू ही मुंडा कुळातली भाषा, तिचं मराठीशी नातंच नाही, म्हणून पहिलीत आलेली पोरं महिनोन्महिने गप्प बसतात, आणि त्यांचा अख्खा प्रबंध त्या गप्प बसण्यावर आहे. झरीच्या मैत्रिणीला कोलामी चांगली येते. तिचं स्वतःचं तिसरं प्रकरण अर्धं पडलंय, तरी ती पटकन म्हणाली, “मी येतो ना तुह्यासंग.” बदल्यात तिची संदर्भसूची मी लावून देणार आहे. ते काम मला जमतं.

ते सगळे पाचच्या गाडीनं गेले. तेव्हापासून मी वहीत एकच वाक्य लिहून खोडतेय. आत्ताचं असं आहे: ‘प्रस्तुत प्रश्नावली संशोधिकेने मुख्याध्यापकांना दिली. त्यातील पाच पर्याय संशोधिकेने पूर्वीच्या प्रबंधातून घेतले होते. पालकांना हा प्रश्न विचारण्यात आला नव्हता.’ शेवटच्या वाक्यात पुन्हा ‘विचारण्यात आला’ घुसलं. खोडलं. ‘पालकांना हा प्रश्न संशोधिकेने विचारला नव्हता.’ मॅडम काय म्हणतील याची धास्ती आहे. उद्या मधल्या सुट्टीत फोन करते.

झरीहून आत्ताच मेसेज आला. पोडावरच्या बाया ज्या वावरात जातात तिथला काटा साडेपाचला होतो, त्याच्या आधी ये, नंतर सगळ्या सैपाकाले लागते. म्हणजे शनिवारी सकाळची शाळा सुटली की बाराची गाडी धरावी लागेल.