गंजाची नळी

दुपारी चारला पश्चिमेच्या खिडकीतून ऊन तिरपं आत आलं की माशांच्या टाकीचं खरं रूप दिसतं. काल लखलखीत पुसलेल्या काचेवर आज पुन्हा हिरवट थर. सांगलीत विश्रामबागेतल्या फ्लॅटात समुद्री टाकी ठेवणं हाच मुळात हट्ट. समुद्र राहिला घाटाखाली रत्नागिरीला, इथे मीठ पिशवीतून आणि पाणी आरओचं. एवढं करूनही शेवाळ येतंच, आणि बोल लागतो पाण्याला.

हिशोब मात्र खाद्याचा आहे, कारण शेवाळ पोसतं ते खाद्यातल्या फॉस्फरसपासून पाण्यात होणाऱ्या फॉस्फेटवर. माशांच्या खाद्यात साधारण एक टक्का फॉस्फरस असतो. रोज एक ग्रॅम टाकलं आणि ते सगळं पाण्यात उतरलं, तर 200 लिटरच्या टाकीत दिवसाला लिटरमागे 0.15 मिलिग्रॅम फॉस्फेट वाढतं. प्रवाळाला 0.03 ते 0.1 पुरतं. मासा काही उपाशी ठेवता येत नाही, म्हणून फॉस्फेट रिअ‍ॅक्टर, म्हणजे पाण्यातलं फॉस्फेट धरून ठेवणाऱ्या दाण्यांची नळी.

नाव ऐकून तारापूर आठवावं, वस्तू मात्र साधी. आरओ दुरुस्तीवाल्याकडचं 10 इंची पारदर्शक फिल्टर हाउसिंग (फिल्टरचं भांडं), अर्धा इंची पीव्हीसी पाइपचा तुकडा, दोन जाड स्पंज, एक छोटा पंप, एक व्हॉल्व्ह. पाइप झाकणाच्या मधल्या भोकात घट्ट बसवायचा, तळाशी बोटभर अंतर ठेवून टोकाला खाचा पाडायच्या. खालचा स्पंज पाइपाभोवती, त्यावर दाणे, वर दुसरा स्पंज. मग गंमत अशी, की पंपाची नळी ‘आउट’ लिहिलेल्या तोंडाला लावायची. आरओत पाणी बाहेरून मधे जातं, आपल्याला ते मधून खाली जाऊन दाण्यांतून वर यायला हवं. हे उलटं न केल्यामुळे कित्येक रिअ‍ॅक्टर नुसतेच फिरत राहतात. व्हॉल्व्ह आत येणाऱ्या बाजूला. बाहेरच्या बाजूला लावला तर दाब भांड्यात साठतो आणि झाकण गळतं. झाकणाच्या रबरी ओ-रिंगला सिलिकॉन ग्रीसच, घरातलं व्हॅसलीन नको, त्यानं रबर फुगतं.

दाणे फेरिक ऑक्साइडचे, दुकानात जीएफओ म्हणून मिळतात. थोडक्यात गंज. मग भंगारातला गंज का नको, हा प्रश्न इथे कोणीतरी विचारतोच. नको. त्याच्यासोबत जस्त, तांबं, रंगाचे पोपडे येतात, आणि तांब्यानं गोगलगायी, कोळंब्या आधी जातात. विकतचे दाणेही आरओच्या पाण्यात निवळ येईपर्यंत धुवायचे. भांड्यात भरल्यावर पहिलं पाणी बादलीत सोडायचं, तांबडेपणा संपला की नळी सम्पमध्ये, म्हणजे टाकीखालच्या फिल्टरच्या टाकीत.

दाण्यांचं प्रमाण टाकीच्या लिटरमागे अर्धा ग्रॅम, फार तर एक. सुरुवात अर्ध्यानंच. फॉस्फेट एकदम उतरलं की प्रवाळ पांढरे पडतात, आणि शून्यावर आणलं तर शेवाळाच्या जागी तपकिरी चिकट डायनो (डायनोफ्लॅजेलेट नावाचे सूक्ष्मजीव) येतात, त्यापेक्षा शेवाळ परवडलं. प्रवाह ताशी शंभर लिटरच्या आसपास, पण आकड्यापेक्षा दाण्यांकडे बघावं. मंद आचेवरचं पिठलं रटरटतं तेवढाच वरचा थर हलला पाहिजे. जास्त उसळले तर एकमेकांवर घासून पीठ होतं आणि टाकी गढूळ, अजिबात हलले नाहीत तर गठ्ठा होऊन पाणी एकाच वाटेनं निघून जातं.

विचार केला तर सगळाच उफराटा कारभार. याच जिल्ह्यात ऊसवाला नि द्राक्षवाला डीएपी खताच्या गोणी रांगेत उभं राहून आणतो. 50 किलोच्या गोणीत स्फुरद, म्हणजे खताच्या मापातला फॉस्फरस, 23 किलो. त्यातलं बरंच पिकाला न मिळता रानातच अडकतं. काळ्या चुनखडीच्या रानात चुना ते धरून ठेवतो, साताऱ्याच्या कास पठाराकडच्या जांभ्या मातीत लोह. म्हणून स्फुरद विरघळवणारे जिवाणू विकत आणावे लागतात. शेतकरी मातीच्या ज्या खोडीवर वैतागतो, तीच खोड आपण नळीत भरून टाकीला जोडतो, आणि तीही ग्रॅमच्या भावानं.

दाणे किती दिवस टिकतात ते खाद्यावर. चार ते आठ आठवडे धरावेत. नक्की कळायला बाहेर पडणारं पाणी तपासावं. टाकीइतकाच आकडा आला की दाणे भरले. हातातलं डिजिटल यंत्र फॉस्फरस पीपीबीमध्ये (अब्जात किती भाग असा) दाखवत असेल तर त्याला 3.07 नं गुणून हजारानं भागायचं, 20 म्हणजे 0.06. आकडा उतरून पुन्हा चढला तरी घाबरू नये, दगडांनी शोषलेलं फॉस्फेट सुटत राहतं. पावसाळ्यात वीज अर्धा दिवस गेली तर भांड्यातलं पाणी कुजतं. वीज आल्यावर ते आधी बादलीत काढावं, मगच नळी टाकीत.

गोल्डफिशवाल्यांनी या भानगडीत पडूच नये. आठवड्याला पाव टाकी पाणी बदललं की काम भागतं.

वापरलेले दाणे जास्वंदीला घालायचा मोह होतो, एवढं फॉस्फेट भरलंय म्हणून. जास्वंदीला त्यातलं फारसं काही मिळणार नाही, लोह सोडतंय कुठे! शिवाय खारट. कचऱ्याच्या गाडीत द्यावेत.