घरटे साखरेचे, प्रश्न नराचा : माझा अनुभव

सशीण तोंडात सुके गवत धरून कोपऱ्यात रचू लागली आणि गळ्याखालचे व पोटाचे केस उपटून त्यावर पसरू लागली, की ती गाभण आहे की नाही एवढाच प्रश्न उरतो. जाणत्याला तो चटकन सुटतो. आम्हाला मात्र साताऱ्यात त्यासाठी जे ताटकळावे लागले, त्याचा राग अजून गेलेला नाही.

आमच्याकडे साखर आणि मिरी असे दोन ससे आहेत आणि दुकानदाराने दोन्ही मादी म्हणूनच दिलेले आहेत. साखरेने घरटे केल्यावर आम्ही तिला टोपलीत घालून शहरातील एका दवाखान्यात नेले. केसपेपर लिहिणाऱ्या गृहस्थांनी बराच विचार करून जनावराच्या रकान्यात ‘इतर’ असे लिहिले आणि विचारले, “नर कधी लावला?” घरात नर नाही, असे सांगताच “मग गाभण कशी राहील?” म्हणून त्यांनी कागद बाजूला सारला. आमच्या मागून आलेली कुत्री एकेक करून आत जात होती आणि त्यांच्या भुंकण्याने बिचारी साखर टोपलीत मागचा पाय आपटत होती. शेवटी आत बोलावले तेव्हा डॉक्टरांनी टोपलीचे झाकणही न उघडता सांगितले की तारीख नसेल तर सोनोग्राफीच करावी लागेल, ती करणारे आज आलेले नाहीत, पुन्हा या आणि येताना तिला उपाशीपोटी आणा. पुन्हा गेलो तर केसपेपर नवा आणि प्रश्न तोच. ‘दुसरा ससा खरोखर मादीच आहे का?’ हे विचारण्याचे कोणालाही सुचले नाही. (सशाला दवाखान्यात न्यायचे तर सकाळीच न्यावे, कारण त्याला ऊन सोसत नाही, टोपलीवर कापड टाकावे, पण वारा अडवू नये.)

ज्या तरुण डॉक्टरांनी हा गुंता सोडवला, ते शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले आहेत. त्यांनी साखरेच्या आधी मिरीला उलटी धरून ती मादीच असल्याची खात्री केली आणि मग विचारले, “ही तिच्या पाठीवर चढते का?” चढत होती, माझ्या पत्नीला तो दिवसही आठवत होता. सशिणीचे बीज ठरावीक काळाने आपोआप सुटत नाही, तर समागमानंतर साधारण दहा तासांनी सुटते, आणि दुसरी मादी पाठीवर चढली तरी तेवढे निमित्त पुरते. त्यातून येणारा खोटा गाभणपणा 16 ते 18 दिवस टिकतो आणि तो सरताना घरटे होते, क्वचित दूधही उतरते. खरी गाभण सशीण साधारण 31 दिवसांनी विते आणि बहुधा अगदी शेवटच्या दिवसांत घरटे करते. पत्नीने सांगितलेला दिवस पंधरवड्यापूर्वीचा होता. डॉक्टरांनी पोट हलक्या हाताने चाचपले. खऱ्या गाभणपणात दुसऱ्या आठवड्यात द्राक्षाच्या मण्यांसारख्या गाठी लागतात, येथे त्या काळानंतरही काहीच लागले नाही. हे घरी करून पाहू नये, गर्भाला इजा होते.

घरटे मात्र लगेच मोडू नये. पिल्ले झालीच, तर आई दिवसातून एकदा-दोनदा आणि तेही काही मिनिटेच पाजायला येते. तिने टाकली असे समजून घाबरू नये, पोटे गोल दिसली की पुरे. दुसरा ससा नर निघाला तर त्याला आधीच वेगळे करावे, कारण विल्यानंतर काही तासांतच मादी पुन्हा गाभण राहू शकते.

साखरेने काही दिवसांत घरट्याकडे पाहणे सोडले. खोटा गाभणपणा पुन्हा पुन्हा येतो आणि वय वाढेल तसा गर्भाशयाच्या कर्करोगाचा धोकाही वाढतो, म्हणून आम्ही तिची नसबंदी करण्याचे ठरवले आहे. त्यासाठी डॉक्टर निवडताना मी फोनवरच विचारतो की सशाला शस्त्रक्रियेआधी उपाशी ठेवायचे का. सशाला उलटी होत नाही आणि त्याचे आतडे थांबले तर जिवावर बेतते. म्हणून ‘रात्रीपासून काही देऊ नका’ असे जे सांगतात, त्यांच्याकडे मी साखरेला नेणार नाही.