बूल कपाट: वेल अखेर बसली

मंडळी, माझं कपाट बूल पद्धतीचं, म्हणजे फ्रेंच कारागीर आंद्रे-शार्ल बूलच्या धर्तीवर ओकवर कासवाचं कवच आणि पितळी नक्षी जडवलेलं. त्याच्या वरच्या खणाच्या डाव्या कोपऱ्यातली, सारखी उचलली जाणारी पितळी वेल अखेर खाली बसली आहे. खोली तापवून लाकूड सुकवणारा रेडिएटर चालू असूनही अजून बसलेलीच आहे, म्हणून तर लिहितोय.

मागे सांगितलं तसं सरस बदलून झाला, पितळाला लसूण घासून झालं, वजनंही ठेवून झाली. रात्री सपाट, सकाळी फणा वर. साऱ्यांचा संशय सरसावर. चोर निघाला खाचेत.

ओक सुकला की आडव्या अंगानं आकसतो, पितळ तसं आकसत नाही, म्हणून वेल उठते. हे आपल्याला ठाऊकच. पण उठलेल्या पितळाखालची फट रिकामी थोडीच राहते? भिंगातून पाहिलं तर खाचेच्या कडेला पांढरट-हिरवा थर, दगडासारखा घट्ट. कपाट नेपोलियन तिसऱ्याच्या काळातलं (1852-70), म्हणजे तेव्हापासूनचं पॉलिश, धूळ आणि कळंक तिथे साठलेला. वेलीला खाली जायला जागाच नव्हती. वरून दाबलं की ती मधेच वाकायची.

बांबूची काडी तासली, कापसाची बोळी जेमतेम ओलसर केली आणि कोरत बसलो. कासवाच्या कवचाखालचा तांबडा रंग पाण्याला भितो, म्हणून ओल अगदी नावापुरती. थर निघाला तशी वेल बोटाच्या नुसत्या भारानं खाली गेली. काय तो आवाज, टक्! मग सरस, वर कोमट जस्ताचा पत्रा आणि शिकंजा.

सरस खड्यांचाच घ्या, भिजवून साठ अंशांच्या आसपास पातळ करा. बाटलीतला तयार सरस जुना झाला की वाळता वाळत नाही.

आता बेत बदलतोय. सगळं पितळ लखलखीत करायचं ठरलं होतं. पण थराखाली पानांच्या शिरा कोरलेल्या सापडल्या, त्यांत काळी भर अजून शाबूत! खुद्द बूलच्या कामातही अर्धी जादू या कोरीव रेघांचीच असते आणि पॉलिशवाले नेमकी तीच घासून टाकतात. तेव्हा पॉलिश रद्द.

उजव्या अंगाला कवचाचा तुकडा गळालाय. हॉक्सबिल कासवाच्या कवचाच्या व्यापाराला बंदी आहे आणि ती योग्यच आहे. तिथे राळेचा तुकडा बसवणार होतो, पण तिची चमक फार एकसारखी, फसवी वाटते. बैलाचं शिंग पातळ तासून खालून तांबडं रंगवलं तर? कुणी केलं असेल तर जाडी किती ठेवलीत ते कळवा. तोवर मी दुसऱ्या वेलीची खाच उकरतो.