मशीनला हात कधी लावू देणार?

"सर, पंधरा दिवस झालं, पोरगं नुसती वही भरून आणतंय. मशीनला हात कधी लावू देणार?" आयटीआयचे प्रवेश उरकले की दर वर्षी कुणी ना कुणी पालक हे विचारतातच. यंदा शहराच्या पूर्व भागातल्या एका ताईंनी विचारलं. विड्या वळून त्या पोराला शिकवतायत, तो लवकर कमावता व्हावा ही त्यांची घाई मला कळते. ताई, तुम्ही विचारलंत म्हणून नीट सांगतो.

मी फिटर ट्रेडला शिकवतो. पहिल्याच आठवड्यात विचारतो, "ड्रिलवर काम करताना हातमोजे घालायचे का?" सगळे हो म्हणतात. मग पोरांना लांब उभं करून, काठीच्या टोकाला जुना सुती मोजा सैल अडकवून मी तो चालू ड्रिलजवळ नेतो. टेकला न टेकला तोच मोजा ड्रिलला गुंडाळलेला असतो. वेल्डिंगला मोजे हवेतच. फिरत्या ड्रिलवर तेच मोजे हात ओढून घेतात. मग फळ्यावर हिशेब मांडतो. मिनिटाला 600 फेरे म्हणजे सेकंदाला 10. हात मागे घ्यायला पाव सेकंद धरा, तेवढ्यात अडीच फेरे झाले. काठीला लोंबणारा फाटका मोजा मग मी वर्गात फिरवतो. तो हातात घेतल्यावर कुणी बोलत नाही.

माझे वडील यंत्रमागावर होते. घरी ओरडूनच बोलायचे. आम्हा भावंडांना वाटायचं, तापट आहेत. मागांच्या खडखडाटात त्यांचे कान गेले होते, हे फार उशिरा कळलं. कानात घालायला काही मिळतं, हेसुद्धा त्यांना कधी कुणी सांगितलं नव्हतं.

पण हे सगळं शिकवूनही माझ्या एका विद्यार्थ्याची दोन बोटं गेली. पास होऊन चारच महिने झाले होते. चालू मशीनवर बेल्टजवळचा कचरा काढायला सांगितलं, त्यानं हात घातला. दवाखान्यात मला म्हणाला, "माहीत होतं सर. पण फोरमन शेजारी उभे होते. नाही कसं म्हणू?"

त्या रात्री मला झोप लागली नाही. मी त्याला मशीन शिकवलं होतं, बोलायला शिकवलं नव्हतं. 1948 च्या कारखाने कायद्यात लिहिलं होतं, की धोके आणि घ्यायची काळजी पूर्ण समजावल्याशिवाय 18 वर्षांखालच्या मुलाला धोकादायक मशीनवर लावायचं नाही. पण पहिल्या नोकरीवरचं पोरगं कायद्याचं कलम काढून दाखवत नाही. ते मान खाली घालून "हो साहेब" म्हणतं. घरी आपणच त्याला सांगून पाठवलेलं असतं, उलट बोलू नको.

म्हणून आता ते पंधरा दिवस मी बोलण्याचा सराव घेतो. एक पोरगा फोरमन होतो, दुसरा नवा कामगार. "नाही" हा शब्द पोरांच्या तोंडून निघत नाही, म्हणून वाक्य ठरवून दिलंय: "साहेब, मेन बंद करतो, दोन मिनिटांत साफ करून देतो." मेन स्विचला कुलूप, किल्ली स्वतःच्या खिशात. हे वाक्य प्रत्येकाकडून वीस-पंचवीस वेळा मोठ्यानं म्हणून घेतो. पहिल्या दिवशी हसतात, लाजतात, पुटपुटतात. आठवड्यानं आवाज फुटतो. 4 मार्चला, राष्ट्रीय सुरक्षा दिनाला, शपथ आम्हीही घेतो, पण माझा भरवसा या वाक्यावर जास्त आहे.

पंधराव्या दिवशी मी ड्रिल चालू करतो, लाल बटणावर हात ठेवतो आणि एकेकाला बोलावून दरडावतो, "बघत काय उभा राहिलास? तो बुरादा काढ हातानं, चल लवकर!" कुणाचा हात पुढे आला की मी बटण दाबतो. त्याचा सराव जमेपर्यंत चालूच राहतो.

ताई, तुमच्या पोराचा हात परवा पुढे आला होता. काल आला नाही. घाबरला होता, आवाज कापत होता, पण म्हणाला, "सर, आधी बंद करतो, मग ब्रशनं काढतो." उद्यापासून तो मशीनवर आहे.