कलोडनची म्हणून आलेली तलवार

एडिनबरात ऑक्शनसाठी जुन्या हत्यारांचं कॅटलॉगिंग करते मी. बास्केट हिल्टची, म्हणजे मुठीभोवती लोखंडी जाळी असलेली तलवार टेबलावर आली की सोबत कलोडनची गोष्ट येतेच, म्हणजे स्कॉटलंडमधल्या त्या लढाईची, जिथे राजा जॉर्जच्या फौजेने बंडखोर प्रिन्स चार्ल्सला हरवलं. परवा आलेल्या आजी म्हणाल्या, आमचे पूर्वज तिथे १७४६ ला प्रिन्स चार्ल्सकडून लढले, ही त्यांचीच.

मी आधी मूठ बघते, कारण पाती बरीचशी जर्मनीतून, झोलिंगेनहून यायची आणि मूठ इथे चढवायचे, आपल्याकडच्या फिरंगेसारखंच. पात्यावर आंद्रेया फेरारा या नावाजलेल्या इटालियन कारागिराचं नाव कोरलेलं असलं तरी त्यावरून काही ठरत नाही, ते नाव कुणीही ठोकायचं. पण स्टर्लिंगच्या वॉल्टर ॲलनसारख्या कारागिराची मूठ एकदा हातात घेऊन बघा, प्रत्येक पट्टी कानशीने घासून घासून आकाराला आणलेली, हार्टच्या आकाराची भोकंसुद्धा नीटस. हिची मूठ म्हणजे पत्रा कापून वाकवलेला, भोकं ओबडधोबड, पॉमेल, म्हणजे मुठीच्या टोकाचा गोळा, शंकूसारखा, आतल्या बाजूला जुना काळा रंग. सरकारी ठोक ऑर्डरचा माल. गंज थोडा साफ केल्यावर पात्यावर मुकुट, खाली जी आर, आणि त्याखाली तलवारी बनवणाऱ्या लंडनच्या जेफरीजचं नाव. म्हणजे किंग जॉर्जच्या शिपायाची तलवार, आणि तीही कलोडननंतरची.

आजींचा चेहरा पडला, पण मला त्यांची गोष्ट पूर्ण खोटी वाटत नाही. सायमन फ्रेझरचंच बघा ना, प्रिन्स चार्ल्सच्या १७४५ च्या बंडात होता, १७४७ ला लंडनमध्ये सरकारने त्याच्या बापाचं डोकं उडवलं, आणि १७५७ ला त्यानेच राजासाठी हायलंडर, म्हणजे उत्तर स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातल्या लोकांची पलटण उभी केली, जी १७५९ ला क्विबेकला लढली. तिकडे हायलंडमध्ये घरात शस्त्र ठेवायला कायद्याने बंदी, आणि इकडे पलटणीत शिरलं की सरकारच तलवार हातात देणार. एकाच घरात दोन्ही बाजू सहज असू शकतात, आणि ही गोष्ट मला कलोडनपेक्षा कितीतरी मोठी वाटते.

आमच्या सिनियरांना ते पटत नाही. त्यांना कॅटलॉगमध्ये 'कलोडनशी संबंध असल्याची शक्यता' हवंय, कारण त्या एका शब्दाने बोली वर जाते. मी नाही लिहिलं. घेणाऱ्याला फसवायचं आणि ज्या शिपायाने ती खरोखर वापरली त्यालाही पुसून टाकायचं, हे मला जमणार नाही. या धंद्यात असं सर्रास चालतं याचा मनापासून राग येतो.

गार्डवर कंपनीचं अक्षर आहे, तलवारीचा नंबर आहे, पण पलटणीच्या आकड्यातला फक्त ७ शाबूत, पुढचा गंजाने खाल्लाय. ७७, ७८, ७१, तिन्ही हायलंडर पलटणी, तिन्ही अमेरिकेत लढलेल्या. मस्टर रोलमध्ये, म्हणजे पलटणीच्या हजेरीपटात, माणसांची नावं मिळतात, तलवारींचे नंबर नाही मिळत. बाजूने तिरका लाइट टाकून फोटो काढलेत, झूम करून बघत बसते, तो आकडा कधी १ वाटतो, कधी ८.